सिस्प्लॅटिनला दाद न देणाऱ्या पेशी लॅबमध्ये कशा तयार कराव्यात

सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनम असलेलं, कर्करोगावरचं औषध. ते आधी लागू पडतं आणि मग का पडेनासं होतं, हे शोधायला एकाच मुळातल्या दोन सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये सतत वाढवता येणारे पेशींचे वंश, लागतात. एक औषधाने मरणारी, दुसरी तगून राहणारी. दुसरी बहुधा आपल्यालाच घडवावी लागते, आणि त्यात सहा महिने ते वर्ष सहज जातं.

पुण्यात सुरुवात सोपी आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) पेशी-भांडारातून फुफ्फुसाच्या कर्करोगाची ए-५४९ लाइन मागवा. शेजारच्या लॅबमधला फ्लास्क उचलून आणू नका, त्यात नेमक्या कोणत्या पेशी आहेत याची खात्री नसते. पेशी आल्या की मायकोप्लाझ्मा या पेशींत शिरणाऱ्या सूक्ष्म जिवाणूची पीसीआर (डीएनए हुडकणारी) चाचणी करा आणि पहिल्या दोन-तीन पॅसेजमध्येच (पॅसेज म्हणजे वाढलेल्या पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याची फेरी) दहा व्हायल, म्हणजे छोट्या कुप्या, गोठवा.

आता औषध. सिस्प्लॅटिन डीएमएसओ या नेहमीच्या सेंद्रिय द्रावकात कधीही विरघळवू नका. डीएमएसओ प्लॅटिनमला चिकटून क्लोराइडला हुसकावतं आणि औषधाचा जोर जातो. मग पेशी मरत नाहीत आणि आपण त्याला प्रतिकार समजतो. ०.९ टक्के सलाइनमध्ये मिलिलिटरला १ मिलिग्रॅम या प्रमाणात विरघळवा आणि उजेडापासून जपा. फ्रिजमध्ये ठेवलं तर खडे धरतात.

आयसी-५०, म्हणजे पेशींची वाढ निम्म्यावर आणणारा डोस, काढायला ९६ खणांच्या प्लेटमध्ये दर खणात ३ ते ५ हजार पेशी टाका आणि रात्रभर बसू द्या. ०.१ ते १०० मायक्रोमोलरमधले आठ डोस ७२ तास द्या, मग एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी. कडेच्या खणांतलं पाणी उडतं, तिथे फक्त पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) भरा. हा प्रयोग तीन वेगवेगळ्या दिवशी करा.

डोसची सुरुवात आयसी-२० पासून, म्हणजे वाढ वीस टक्क्यांनी घटवणाऱ्या डोसपासून. तीन दिवस औषध, मग फ्लास्कचा तळ पेशींनी ७०-८० टक्के भरेपर्यंत साधं मीडियम (पेशींचं पोषक द्रव). त्याच डोसवर दोन-तीन फेऱ्या नीट वाढल्या, तरच डोस दीडपट करा. प्रत्येक पायरीला तीन व्हायल गोठवा. घाईने डोस दुप्पट-तिप्पट केला की फ्लास्क रिकामा होतो आणि तीन आठवड्यांतही वसाहती दिसत नाहीत. अशा वेळी आधीच्या पायरीची व्हायलच वाचवते.

याच काळात मूळ पेशींचा दुसरा फ्लास्क, मीडियममध्ये औषधाऐवजी नुसतं सलाइन घालून, तितक्याच पॅसेजपर्यंत वाढवा. कंटाळून बहुतेकजण हाच सोडतात आणि पुढचं सगळं काम त्यामुळे लंगडं पडतं. महिनोन् महिने वाढवल्यानेही पेशी बदलतात. हा फ्लास्क नसेल, तर बदल औषधाने झाला की वयाने, हे सांगता येत नाही.

वळवाच्या पावसात वीज जाते, म्हणून इन्क्युबेटर यूपीएसवर हवा. पावसाळ्यात बुरशी धरते, तेव्हा ट्रेमधलं निर्जंतुक पाणी दर आठवड्याला बदला.

शेवटी महिनाभर औषध बंद ठेवून आयसी-५० पुन्हा काढा. आकडा खाली घसरला, तर तो तात्पुरता जुळवून घेण्याचा प्रकार होता. संथ वाढणाऱ्या पेशीही एमटीटीत प्रतिकारक्षम भासतात, म्हणून वसाहतींची चाचणीही करा: १० ते १४ दिवस वाढवून क्रिस्टल व्हायोलेटने रंगवा आणि किमान ५० पेशींच्या वसाहती मोजा. एसटीआर प्रोफाइल (पेशींच्या डीएनएची ओळखखूण) मूळ लाइनशी जुळलंच पाहिजे. दोन ते पाचपट प्रतिकार आला तर निराश होऊ नका, रुग्णांमधला प्रतिकार बहुधा याच आवाक्यात असतो. प्रचंड डोसवर पोसलेली पन्नासपट लाइन दिसायला भारी, पण रुग्णांत सहसा न आढळणारे मार्ग ती धरू शकते.

औषध लागलेले फ्लास्क, टिप आणि मीडियम ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करू नका. सायटोटॉक्सिक खूण असलेल्या पिवळ्या पिशवीत वेगळे द्या.