चिंचोक्यांवरून अणुकेंद्रकाचा ऱ्हास कसा शिकवावा

किरणोत्सारी पदार्थ शाळेत ठेवता येत नाही आणि त्याची गरजही नाही. पन्नास कोरडे चिंचोके दगडावर ठेवून मधोमध फोडावेत, म्हणजे बाहेरून तपकिरी आणि आतून पांढरट अशा शंभर डाळी मिळतात.

आधी काही केंद्रके आपोआप का फुटतात, म्हणजे त्यांचा ऱ्हास का होतो, याचे कारण फळ्यावर मांडावे. केंद्रकातील प्रोटॉन एकमेकांना दूर लोटतात, तर अगदी जवळच्या अंतरावरच चालणारे केंद्रकीय बल त्यांना न्यूट्रॉनांसह बांधून ठेवते. हलक्या केंद्रकांत दोघांची संख्या सारखी असली तरी भागते. शिसे-२०८ मध्ये मात्र ८२ प्रोटॉनांना १२६ न्यूट्रॉन लागतात, आणि शिशाच्या पुढे खऱ्या अर्थाने स्थिर केंद्रक एकही नाही. कार्बन-१४ मध्ये न्यूट्रॉन जास्त असल्याने त्यातला एक न्यूट्रॉन इलेक्ट्रॉन बाहेर टाकून प्रोटॉन होतो व नायट्रोजन-१४ उरतो; युरेनियम-२३८ अल्फा कण (दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉनांचा गट) सोडून थोरियम-२३४ होते.

मग एक डाळ म्हणजे एक केंद्रक असे समजून तरटावर सर्व डाळी एकदम टाकाव्यात, पांढरी बाजू वर आलेल्या फुटल्या असे धरून बाजूला काढाव्यात आणि उरलेल्या मोजून पुन्हा टाकाव्यात. आमच्या वर्गात १००, ५४, २९, १५, ९ असे आकडे आले. चिंचोक्याची पाठ फुगीर असल्याने नेमक्या निम्म्या उरत नाहीत, पण त्याने बिघडत नाही; दर फेरीत उरणाऱ्यांचे प्रमाण साधारण तेच राहते, हे महत्त्वाचे. चार फेऱ्या टिकलेल्या डाळीकडे बोट दाखवून एक मुलगा म्हणाला, “सर, आता हिचाच नंबर हाय.” इथे थांबावे, आणि तीच डाळ त्याला वीस वेळा टाकायला लावावी, कारण पाचव्या फेरीतही तिची शक्यता पहिल्या फेरीइतकीच असते. केंद्रक म्हातारे होत नाही. कोणते फुटेल हे सांगता येत नाही, किती फुटतील हे सांगता येते.

शेवटी बुलढाण्यातील लोणारचे गणित द्यावे. पोटॅशियम-४० चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रके फुटायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षे आहे, आणि उल्केच्या आघाताने वितळलेल्या तिथल्या खडकाचे वय, पोटॅशियम-४० फुटून होणाऱ्या आर्गॉनवर आधारलेल्या पद्धतीने, सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले आहे. एवढ्या काळात दहा हजार केंद्रकांपैकी जेमतेम तीन फुटतात, आणि फुटणाऱ्या नवांपैकी साधारण एकाचेच आर्गॉन होते, बाकीच्यांचे कॅल्शियम. मुलांना विचारावे, की त्यातला एक आर्गॉन अणू दिसायला किती पोती चिंचोके लागतील.