ट्यूबचा पीस लॅबला द्यायच्या आधी

शिरोली, गोकुळ शिरगावच्या (कोल्हापूरकडच्या फाउंड्री पट्ट्यातल्या) पोरांना मायक्रोस्ट्रक्चर, म्हणजे मायक्रोस्कोपखाली दिसणारी धातूची आतली रचना, काय नवीन नाही, पण आपली नजर कास्टिंगवर बसलेली, ग्रॅफाइट बघितला, फेराइट-पर्लाइट (लोखंडातले घटक) बघितलं, झालं काम. रोल केलेल्या ट्यूबला तेवढ्यावर भागत नाही कारण तिथं ग्रेनला (धातूच्या बारीक कणांना) दिशा असते. म्हणून सगळ्यात आधी सप्लायरकडनं रोलिंगचा रेकॉर्ड मागून घ्या, हॉट की कोल्ड, प्रत्येक पासला (रोलमधनं एकदा काढलं की एक पास) बाहेरचा डाया आणि वॉल थिकनेस कितीवरनं कितीवर आला, हॉट असेल तर शेवटच्या पासचं टेंपरेचर, आणि नंतर मऊ करायला परत तापवणं म्हणजे अ‍ॅनिलिंग झालंय का. हे नसलं तर मायक्रोस्कोपचा फोटो कितीबी भारी येऊ दे, ग्रेन मोठे दिसले तर शेवटचं टेंपरेचर जास्त राहिलं होतं, का कोल्ड रोलिंगला रिडक्शन (जाडी कमी करणं) अगदीच थोडं देऊन मग अ‍ॅनिल केलं, हे कशावरनं सांगणार? दोन्हीनं ग्रेन वाढतात.

कापायच्या आधी पीसवर रोलिंगच्या दिशेचा बाण आणि आतली-बाहेरची बाजू खुणा करून ठेवा, नंतर कोण ओळखणार नाही. दोन तुकडे पाहिजेत, एक आडवा (ट्यूबच्या लांबीला काटकोनात कापलेला), एक उभा (लांबीच्या दिशेनं कापलेला). आडव्या कापात कोल्ड रोल्ड ट्यूबचे ग्रेन बऱ्यापैकी गोल वाटतात आणि माणूस फसतो, उभ्या कापात तेच लांबच्या लांब ओढलेले दिसतात, बँडिंगपण (फेराइट-पर्लाइटचे पट्टे) तिथंच. गॅसनं कापू नका, कोरडा ग्राइंडरपण नको, कडेचं स्ट्रक्चरच बदलतं, कूलंट चालू ठेवून अ‍ॅब्रेसिव्ह कटरवर कापा. पातळ ट्यूब असेल तर माउंट करूनच (रेझिनमध्ये बसवून) पॉलिश करा, नाहीतर कड गोल होते आणि डीकार्ब (पृष्ठभागावरचा कार्बन कमी होणं) बघायला गेलं की कायच दिसत नाही.

एमरी पेपर 220, 400, 600, 1000 असं चढत जा, दर पेपरला पीस 90 अंशात फिरवायचा, आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा पेपर नाही. इथं घाई केलेली फोटोत दिसतेच. कार्बन स्टीलला 2 टक्के नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक आम्ल, ग्रेन उठून दिसायला लावतात), चकाकी जाऊन राखाडी झाक आली की लगेच पाणी, मग स्पिरिट, मग ड्रायर. स्टेनलेसवर नायटल चालत नाही, तिथं ऑक्झॅलिक अ‍ॅसिडनं इलेक्ट्रोलिटिक एच (करंट देऊन तेच काम) करायला सांगा. 304 (एरवी मॅग्नेट न चिकटणारं स्टेनलेस) असेल तर जाता जाता खिशातला मॅग्नेट लावून बघा, थोडाफार चिकटला तर कोल्ड रोलिंगमध्ये मार्टेन्साइट (मॅग्नेटला चिकटणारं कडक रूप) झालं असणार, तसं लॅबला आधीच लिहून द्या.