मानवी हक्कांच्या पुस्तकांचं गोदाम: या चुका टाळा

"ताई, सगळे सातवं प्रकरण काढून बसलेत, माझ्या पुस्तकात सहाच आहेत."

फोन एका डॉक्टरबाईंचा होता. छळाच्या खुणा कशा तपासायच्या आणि अहवालात कशा नोंदवायच्या, याच्या प्रशिक्षणाला त्या बसल्या होत्या. पुस्तक आमच्याच गाळ्यातून गेलेलं: इस्तंबूल प्रोटोकॉल, म्हणजे छळाच्या तपासणीसाठीचं संयुक्त राष्ट्रांचं मार्गदर्शक पुस्तक, २००४ची आवृत्ती. प्रशिक्षण चाललं होतं २०२२च्या आवृत्तीवरून. नवी आवृत्ती आमच्याकडे होती, त्याच रॅकवर, वरच्या फळीला. खालचे खोके आधी संपवायचे म्हणून मुलांनी जुन्या प्रती काढल्या आणि चलनावर सही माझी.

ठाण्यात वागळे इस्टेटला दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. एका आंतरराष्ट्रीय मानवी हक्क संस्थेची प्रकाशनं इथून राज्यभर जातात: वकिलांना, डॉक्टरांना, शाळा-कॉलेजांना, वस्तीपातळीवर काम करणाऱ्या गटांना. साठ्याचा हिशेब मी बघते. पुस्तक कमी पडलं तर माणूस थांबतो, पुन्हा फोन करतो. चुकीची आवृत्ती गेली तर तो थांबत नाही, तिच्यावरच काम करतो. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

नाव तेच, पुस्तक वेगळं

'आधी आलेलं आधी काढा' हा नियम साबणाला आणि बिस्किटांना बरोबर आहे. आमच्या मालाला तो फक्त एकाच आवृत्तीच्या आत लावायचा. मजकूर बदलला की जुन्या खोक्याची पाळी संपली, मग त्यात दोनशे प्रती का उरल्या असेनात.

अडचण अशी की मुखपृष्ठावरून फरक कळत नाही. नाव तेच, रंगही पुष्कळदा जवळपास तोच. संयुक्त राष्ट्रांच्या प्रकाशनांवर आतल्या पानात किंवा मागच्या बाजूला एक दस्तऐवज क्रमांक असतो, तो वाचायला शिका. इस्तंबूल प्रोटोकॉलच्या २०२२च्या प्रतीवर 'एचआर/पी/पीटी/८/रेव्ह.२' असं असतं, २००४च्या प्रतीवर 'रेव्ह.१'. 'रेव्ह.' म्हणजे सुधारित मजकूर, याने जुनं बाद होतं. 'अ‍ॅड.' म्हणजे पुरवणी, ती मूळ पुस्तकाबरोबरच द्यायची. 'कॉर.' म्हणजे शुद्धिपत्र, ते प्रत्येक प्रतीत घालायचं. आमच्याकडे शुद्धिपत्रांचं एक बंडल वर्षभर वेगळ्या खणात पडून होतं, कारण आवक नोंदवणाऱ्याने ते स्वतंत्र प्रकाशन म्हणून चढवलं होतं.

आयएसबीएनवर, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांकावर, विसंबणारे पुष्कळ आहेत. तो उपयोगाचा आहे, पण नुसतं पुनर्मुद्रण झालं तर क्रमांक बदलत नाही, आणि काही छोट्या पुस्तिकांना तो नसतोच. म्हणून साठ्याचा कोड आपणच बनवावा: शीर्षक, भाषा, आवृत्ती, स्वरूप. इंग्रजी छापील, मराठी छापील, मराठी ब्रेल ही एकाच पुस्तकाची तीन रूपं नोंदवहीत तीन ओळी झाली पाहिजेत. 'बालहक्क पुस्तिका: ६००' अशी एकच ओळ पाहून मी एकदा एका आदिवासी भागातल्या गटाला होकार दिला. खोके उघडले तर त्यातल्या साडेपाचशे इंग्रजी. त्या गटाने गाडीभाडं भरून माणूस पाठवला होता.

प्रत्येक पुस्तक जुनं होतं असं नाही, आणि हे न कळल्यामुळे चांगला माल बाद होतो. मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ला पॅरिसमध्ये स्वीकारला गेला, त्याची ३० कलमं तीच आहेत. वीस वर्षांपूर्वी छापलेली स्वच्छ मराठी प्रत आजही निःशंक द्यावी. बालहक्क करार १९८९चा, त्याचा मूळ मजकूरही जवळपास तोच, पण त्याला तक्रारीच्या प्रक्रियेचा तिसरा ऐच्छिक प्रोटोकॉल (जोडकरार) २०११मध्ये जोडला गेला. 'दोन प्रोटोकॉल आहेत' असं सांगणारी माहितीपुस्तिका त्यामुळे अपुरी ठरते. सगळ्यात लवकर शिळ्या होतात त्या 'तक्रार कुठे आणि कशी करावी' सांगणाऱ्या पुस्तिका. २००६मध्ये मानवी हक्क आयोगाच्या जागी मानवी हक्क परिषद आली. आयोगाकडे अर्ज करा असं सांगणारी पुस्तिका कुणाच्या हाती पडली, तर तो माणूस आता अस्तित्वात नसलेल्या दारावर थाप मारत बसेल. पत्ते, ई-मेल आणि अर्जाचे नमुने छापलेलं प्रत्येक प्रकाशन मी सहा महिन्यांनी मूळ संकेतस्थळाशी ताडून बघते.

नवी आवृत्ती दाराशी आली की त्याच दिवशी, खोके फोडायच्या आधी, जुन्यांवर लाल पट्टी लावून त्या वेगळ्या फळीवर हलवायच्या. 'उद्या करू' म्हटलं की मधल्या दुपारी एखादी ऑर्डर येतेच.

गेलं कुठे हे माहीत नसणं, आणि नको त्यांना माहीत असणं

डॉक्टरबाईंच्या फोननंतर मी वही काढली. जुनी आवृत्ती आणखी कुणाकुणाला गेली? वहीत होतं: 'नाशिक ४०, सोलापूर २५, हस्ते टेम्पो.' कुणाला, कोणत्या आवृत्तीच्या, कशासाठी, काहीच नाही. पोहोच म्हणून चलनावर वॉचमनची सही. पुढचे तीन आठवडे मी फोन करत होते.

तेव्हा जावकीच्या नोंदीत निदान इतकं असावं: आवृत्तीचा कोड, प्रती, स्वीकारणारी संस्था, प्रत्यक्ष वापरणाऱ्या विभागाचा संपर्क, आणि पोहोचल्याची खात्री केल्याची तारीख. 'पाठवलं' आणि 'पोहोचलं' हे दोन वेगळे रकाने ठेवा. दुसरा रकाना दहा दिवस रिकामा दिसला की फोन करायचा.

पण इथेच आमच्या कामाचा सर्वांत नाजूक भाग येतो. शालेय पुस्तकांच्या वितरकाला ग्राहकांची यादी उघडी पडली तर धंद्याचं नुकसान होतं. आमच्या यादीत कोठडीतल्या छळाबद्दल पुस्तक मागवलेला माणूस असतो, घर सोडून निवारागृहात राहिलेली बाई असते, गावात एकटा उभा राहिलेला कार्यकर्ता असतो. कुणी काय वाचायला मागवलं, एवढ्या माहितीनेही त्यांना त्रास होऊ शकतो. वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, तो पाळायचाच. पण कायदा नसता तरी ही जबाबदारी आपलीच होती.

मग नोंद ठेवायची की नाही? ठेवायची, पण दोन थरांत. संस्थांचा तपशील मुख्य वहीत. एकेकट्या व्यक्तींसाठी तिथे फक्त क्रमांक, आणि त्या क्रमांकाचं नाव-पत्ता वेगळ्या कुलूपबंद फायलीत, जिला दोनच माणसं हात लावतात. पोहोच झाली, वर्षभरात आवृत्ती बदलली नाही, आणि त्या व्यक्तीने पुढे कळवायला सांगितलेलं नसेल, तर तो पत्ता नष्ट करायचा.

हे सगळं नीट करूनही गळती होते ती साध्या ठिकाणी. पार्सल दिलं याचा पुरावा म्हणून टेम्पोवाला लेबलचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. ग्रुपमध्ये तीस जण असतात. आमचा गाडीवाला गेली दहा वर्षं आमच्याबरोबर आहे, भला माणूस. त्याला मी रागावले नाही, समजावलं: "दादा, या बाईंचा पत्ता त्यांच्या माहेरालाही माहीत नाही." त्याने फोन तिथल्या तिथे काढून सगळे जुने फोटो पुसले. आता तो फक्त चलन क्रमांकाचा मेसेज मला एकटीला पाठवतो. दुसरी गळती म्हणजे रद्दी. बिघडलेली लेबलं, चलनाच्या झेरॉक्स फाडून टाकल्याशिवाय गाळ्याबाहेर जाऊ देऊ नका. आणि निवारागृहाच्या पार्सलवर बाहेरून संस्थेचं बोधचिन्ह नको, साधा तपकिरी कागद लावा.

फुकट आहे म्हणून पाचशे

आमची बरीच प्रकाशनं विनामूल्य असतात, त्यामुळे मागणारा हात आखडत नाही. पाचशे मागतात, पाचशे पाठवल्या की आपल्याही अहवालात आकडा छान दिसतो. मग कधीतरी त्या कॉलेजात जाणं होतं आणि जिन्याखाली आपलेच न फोडलेले गठ्ठे दिसतात.

मागणी आली की मी तीन गोष्टी विचारते: किती माणसं बसणार आहेत, कोणती भाषा वाचतात, कार्यक्रम कधी आहे. एवढ्याने आकडा आपोआप खाली येतो. बिनवापराचा आरोप न करता "पन्नास पाठवते, लागल्या तर आठवड्यात आणखी देते" म्हटलं की कुणी दुखावत नाही.

फेरमागणीची पातळी सरासरीवर ठरवली की डिसेंबरमध्ये फजिती होते. समजा एखादी मराठी पुस्तिका महिन्याला १२० जाते आणि छापून यायला तीन महिने लागतात. ३६० उरल्यावर मागणी द्यावी हे कागदावर बरोबर, पण १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनाच्या आधीच्या पंधरा दिवसांत एका महिन्याच्या प्रती चार दिवसांत संपतात. त्याच सुमारास २० नोव्हेंबरचा जागतिक बालदिन आणि ३ डिसेंबरचा दिव्यांग दिनही येतो. छपाईचा निर्णय ऑगस्टमध्येच व्हायला हवा. गणपती आणि दिवाळीत छापखाने पत्रिका-कॅलेंडरांत अडकलेले असतात, मग आपल्या कामाला हात लागत नाही.

टपाल, वजन आणि बंदर

टपालाचे नियम बदलले आणि आमच्यासारख्या अनेकांचा खर्च वाढला. पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत बुक पोस्ट सेवा डिसेंबर २०२४मध्ये बंद झाली. १ मे २०२५पासून ज्ञान पोस्ट आली: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वाढत जाऊन ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पाकीट जमिनीवरच्या मार्गाने जातं, त्यामुळे वेळ धरून चला. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव हवं आणि नियतकालिकं चालत नाहीत. आमचं त्रैमासिक बातमीपत्र त्यात घातलेलं एक पाकीट खिडकीवरून परत आलं होतं. रजिस्टर्ड पोस्टही २०२५मध्ये स्पीड पोस्टमध्ये सामावलं. पार्सल त्याच व्यक्तीच्या हाती पडायला हवं असेल तर नोंदणीची जोडसेवा खिडकीवर वेगळी सांगून घ्या. नाजूक पत्त्यांसाठी मी बंद लिफाफा आणि स्पीड पोस्टच वापरते.

वजनाचा अंदाज कागदावरून काढता येतो. ए-फोर आकाराचा ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम) एक कागद ५ ग्रॅम भरतो. दोनशे पानांचं पुस्तक म्हणजे शंभर कागद, अर्धा किलो, वर मुखपृष्ठ. पाच किलोत दहा बसतील असं वाटतं, पण पुठ्ठा आणि वेष्टन धरून नऊच बसतात. खोक्यात पस्तीसच्या वर भरू नका. वीस किलोपेक्षा जड खोकं जिन्यावरून उतरवताना हमालाच्या कंबरेवर येतं आणि फाटतं.

परदेशातून न्हावा शेवाला उतरणाऱ्या मालाबद्दल एकच सांगते. पुस्तकं वाटायला फुकट असली तरी बीजकावर मूल्य शून्य लिहून चालत नाही, सीमाशुल्कासाठी मूल्य दाखवावंच लागतं. पाठवणाऱ्या कार्यालयाला हे माल निघण्याआधी कळवा, नाहीतर खोके बंदरावर आणि भाडं आपल्या डोक्यावर.

पावसाळा

ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींनाच घाम येतो. खोके भिंतीपासून हातभर लांब आणि लाकडी पॅलेटवर ठेवा. तळमजल्याचा गाळा स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि या पट्ट्यात तळाशी ठेवलेल्या कागदाचं त्या दिवशी काय झालं हे जुन्या छापखानेवाल्यांना विचारा. प्लॅस्टिक वेष्टनात पुस्तक सुरक्षित, हाही गैरसमज आहे. आत ओल अडकली तर बुरशी आतच धरते. पावसाळ्याआधी प्रत्येक लॉटमधली एक प्रत फोडून वास घेऊन बघा.

भिजलीच तर उन्हात टाकू नका, पानं वाकतात. उभी करून, पानं पंख्यासारखी उघडून, वाऱ्यावर वाळवा. गुळगुळीत आर्ट पेपरची पानं ओली असतानाच सुटी करावी लागतात, वाळली की कायमची चिकटतात. दोन दिवसांत सगळ्या प्रतींना हात लावणं जमणार नसेल तर दुर्मिळ प्रती बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते आणि सवडीने वाळवता येतात.

ब्रेल पुस्तकं कधीही आडवी रचू नका. वरच्या वजनाने टिंबं दबतात आणि ते पुस्तक वाचता येत नाही. आम्ही नवीन मुलाला पहिल्या दिवशी डोळे मिटून दोन प्रतींवरून बोट फिरवायला लावतो, एक नीट ठेवलेली, एक दबलेली. पुन्हा सांगावं लागत नाही. अंधांसाठीच्या साहित्याला टपाल खर्च माफ आहे, सात किलोपर्यंत, हे पुष्कळ वितरकांना माहीतच नसतं आणि ते उगाच पैसे भरतात.

बाद प्रतींचं काय करायचं

लाल पट्टीच्या फळीवरच्या प्रती रद्दीत जशाच्या तशा विकू नका. त्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याकडे पोहोचतात आणि तिथून एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती. आम्ही कटिंग मशीनवर कणा कापून घेतो आणि मग लगद्याला देतो. किती कापल्या, कधी आणि कुणासमोर, याची नोंद साठ्यात वजा करून ठेवतो.

दोन प्रती मात्र राखायच्या, पहिल्या पानावर 'जुनी आवृत्ती, फक्त संदर्भासाठी' असा शिक्का मारून. २०२२च्या आधी लिहिलेले वैद्यकीय अहवाल जुन्या आवृत्तीला धरून आहेत आणि ती प्रकरणं अजून न्यायालयांत चालू आहेत. गेल्या वर्षी एक वकील दुपारभर आमच्या टेबलाशी बसून २००४च्या प्रतीतून टिपणं काढत होते. जाताना त्यांनी प्रत मागितली. झेरॉक्स काढून दिली, तिच्याही पहिल्या पानावर शिक्का मारला आणि वहीत ओळ लिहिली: रेव्ह.१, एक प्रत, झेरॉक्स, संदर्भासाठी.