कबड्डीच्या साखळी सामन्यांचं वेळापत्रक, न चुकता

गणपती, दिवाळी आली की बेळगाव तालुक्यात गावोगावी कबड्डीच्या स्पर्धा लागतात, आणि साखळी सामने (प्रत्येक संघ बाकी प्रत्येकाशी एकदा खेळतो ते) आखताना हमखास एखादी जोडी दोनदा येते, एखादी राहूनच जाते.

आधी एकूण सामने काढा. संघांच्या संख्येला तिच्याहून एकने कमी संख्येने गुणा आणि निम्मे करा. ६ संघ असतील तर ६ × ५ = ३०, निम्मे १५. (बाद पद्धतीत, म्हणजे हरला तो बाहेर, फक्त ५ होतात. मैदान एकच असेल तर हा फरक आधी बघून घ्या.)

आता जोड्या:

१. संघ दोन ओळींत लिहा. वर येळ्ळूर, कडोली, उचगाव; खाली मण्णूर, हलगा, सुळगा. वरखालचे एकमेकांशी खेळतील.

२. येळ्ळूर जागचा हलवायचा नाही. बाकीचे घड्याळाच्या दिशेने एकेक घर सरकवा. आता वर येळ्ळूर, मण्णूर, कडोली. खाली हलगा, सुळगा, उचगाव. ही दुसरी फेरी.

३. असंच पाच फेऱ्यांपर्यंत. प्रत्येक फेरीत तीन सामने, म्हणजे बरोबर १५.

संघ ७ असतील तर आठव्या जागी ‘विश्रांती’ लिहा. तिच्यासमोर जो येईल तो त्या फेरीत बसेल. फेऱ्या ७, सामने २१.

एक सांभाळा: ओळी भरण्याआधी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढा. एकदा फिरवायला सुरुवात झाली की कुणाच्याही आग्रहाने मधेच दोन नावांची अदलाबदल करू नका, पुढच्या सगळ्या फेऱ्या बिघडतात.