घरचा चांगला बोकड विकण्याआधी: उस्मानाबादी कळपात पैदाशीचा नर कसा निवडावा

बकरी ईद जवळ आली की धाराशिव, लातूर, बीडकडच्या बाजारांत अंगाने भरलेला बोकड आधी जातो. मागे उरतो तो कुणी न विचारलेला, किरकोळ. तोच कळपात फिरतो आणि पुढच्या करडांचा बाप होतो. म्हणजे निवड होतेच, फक्त उलटी. दुष्काळी माळावर बाभळीच्या शेंगांवर तगणारी आणि जुळी देणारी उस्मानाबादी जातीची शेळी इथल्याच माणसांनी राखून राखून घडवली, आणि ती अशी मोडतेही आपल्याच हातून.

आधी वही करा. प्रत्येक शेळीच्या कानात बिल्ला आणि वहीत तिचं एक पान. व्याल्याची तारीख, करडं किती, जगली किती, बाप कोणता. करडाचं वजन जन्मल्यावर, तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्यात. साधा लटकता काटा पुरतो. हे नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

वजनाची तुलना बरोबरीच्यांत करा. एकटं करडू आईचं सगळं दूध पितं, जुळ्यांना वाटून घ्यावं लागतं. त्यामुळे तिसऱ्या महिन्यात एकटं करडू उजवं दिसतं. ती कमाई आईच्या दुधाची असते, रक्ताची असेलच असं नाही. जुळ्यांची तुलना जुळ्यांशी करा, पहिलारू शेळीच्या करडांची पहिलारूंच्या करडांशी. पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली करडंही एका मापात तोलू नका. दूध तुटल्यावर सहा ते नऊ महिन्यांत कोण वाढतं, ते नीट पाहा. जुळ्यातला असून तिथे पुढे गेलेला नर मिळाला, तर कितीही भाव येवो, त्याला बाजार दाखवू नका.

आईचा इतिहास वाचा. जुळी होण्याचा गुण रक्तातून उतरतो, पण थोडाच; खाण्यापिण्याचा वाटा मोठा. म्हणून एका वेतावर भुलू नका. तीन वेतांत दोनदा तरी जुळी देऊन ती वाढवलेल्या शेळीचा मुलगा घ्या. शिवाय शेळ्या भरवण्याआधी दोन-तीन आठवडे रोज थोडा मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा द्या. जुळ्यांचं प्रमाण वाढायला मदत होते. तो परिणाम चाऱ्याचा, बोकडाच्या खात्यावर मांडू नका.

अंग तपासा. दोन्ही अंडं खाली उतरलेली, सारखी आणि टणक हवीत. खालचे दात वरच्या हिरडीला नीट टेकावेत. पाय सरळ हवेत. काळाकुळकुळीत रंग बाजारात भाव देतो, वाढ देत नाही. हौसेला माझी हरकत नाही. देवणी गाईत वानेरा, बालंक्या, शेवरा हे प्रकार लोक रंगावरूनच ओळखतात. पण रंग शेवटी बघा.

एक गोष्ट मात्र आधी बघा: शिंगं. भुंड्या शेळीला भुंडा बोकड लावला, तर दोघांकडून भुंडेपणा मिळालेल्या पाटी (मादी करडं) नर-मादीच्या मधल्याच राहतात आणि गाभण जात नाहीत. आई-बापांपैकी एकाला शिंगं असली की हा धोका टळतो. बोकड शिंगांचाच ठेवा.

बाकीचे नर वेगळे करा. तीन-चार महिन्यांचा नरही शेळीवर उडू लागतो आणि तुमची वही खोटी ठरते. पैदाशीला न ठेवायच्या नरांचं पशुवैद्यकीय दवाखान्यातून वेळेत खच्चीकरण करून घ्या.

बोकड बदला. वीस-पंचवीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. कळपातल्या प्रत्येक करडात निम्मा वाटा त्या एकाचा, म्हणून त्याच्या निवडीवर एवढा खल. पण त्याच्याच पाटी माजावर यायला लागल्या की त्याला हलवायची वेळ झाली. साधारण दीड-दोन वर्षांत. बाप-लेकीच्या पैदाशीतून करडं बारीक होतात आणि मरतुक वाढते. दूरच्या गावातल्या, वही ठेवणाऱ्या पाहुण्याशी अदलाबदल करा. आलेल्या बोकडाची ब्रुसेलासाठी (गाभ पाडणारा संसर्गजन्य रोग) रक्ततपासणी करून घ्या आणि तीन आठवडे त्याला वेगळ्या दावणीला बांधा.