बारक्या ऑक्टोपसची जात कशी ओळखावी

गोव्यातल्या मालीम जेटीवर ट्रॉलरच्या कोळंबीत तळहाताएवढे ऑक्टोपस हमखास येतात. मी मुलांना प्राणिशास्त्र शिकवते, आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "टीचर, हा तपकिरी म्हणजे कुठला?" रंगावर जाऊच नका. जिवंत ऑक्टोपस क्षणात रंग बदलतो.

आधी भुजा बघा. पाठीकडची जोडी पहिली, पोटाकडची, पाणी बाहेर फेकणाऱ्या नळीजवळची चौथी. पहिली जोडी सर्वांत आखूड असेल तर पिल्लू बहुधा अँफिऑक्टोपस गटातलं. तीच सर्वांत लांब असेल तर सिस्टोपस इंडिकस असू शकतो. त्याच्या भुजांच्या बुडाशी, तोंडाच्या बाजूला, भुजांमधल्या पडद्यात बारीक पिशव्यांची छिद्रं असतात, पण पिल्लात ती भिंगाशिवाय दिसत नाहीत. भुजा दोन्ही बाजूंच्या मोजा. माशाने तोडलेली भुजा पुन्हा फुटते, आणि अशी अर्धवट वाढलेली भुजा धरली तर सगळं माप चुकतं. नराची मिलनासाठी बदललेली तिसरी उजवी भुजा पिल्लात तयार झालेली नसते, तिच्यावर विसंबू नका.

खरी कसोटी अँफिऑक्टोपसच्या जाती वेगळ्या करताना लागते. डोळ्याच्या खालच्या अंगाला, दुसऱ्या आणि तिसऱ्या भुजेच्या बुडाशी गडद ठिपका आणि त्यात निळसर कडं असेल तर तो नेग्लेक्टस किंवा त्याच्यासारख्याच ठिपक्याची दुसरी जात. ठिपका नसेल तर एजिना की मार्जिनेटस हा प्रश्न उरतो. मार्जिनेटसच्या डोळ्याखाली पांढरट त्रिकोण असतो, अंगावर गडद शिरांचं जाळं, आणि भुजांच्या काळसर कडेवर फिकट चूषक (चिकटून धरायच्या वाट्या) उठून दिसतात. शिंपल्यात लपलेला दिसला म्हणून मार्जिनेटस म्हणू नका, इतर जातीही शिंपल्यात शिरतात.

हणजुण्याच्या (अंजुना) किनाऱ्यावरच्या खडकांत सुकतीला, म्हणजे ओहोटीला, फिरताना मात्र कुठलाच ऑक्टोपस उघड्या हाताने उचलू नका. अंगभर निळी कडी दिसली तर लांबच राहा. निळ्या कड्यांचा ऑक्टोपस पूर्ण वाढूनही छोटाच असतो, म्हणून आकारावरून त्याला पिल्लू समजू नये. त्याच्या विषात टेट्रोडोटॉक्सिन असतं आणि त्यावर उतारा नाही.

फोटो तीन घ्या: पाठीचा, डोळ्याखालच्या बाजूचा, चूषकांचा; शेजारी पट्टी ठेवा. चिठ्ठीवर तारीख, जागा आणि जाळ्याचा प्रकार लिहा. खूण स्पष्ट नसेल तर 'अँफिऑक्टोपस, जात अनिश्चित' एवढंच लिहा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, त्यामुळे जेटीवरचं काम ऑगस्टपासून धरा.