रोजचं शुभवर्तमान जगायचं आहे? मग या चुका टाळा

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी चर्चमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या, अठराव्या अध्यायातलं वाचन असतं. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? प्रभू येशू म्हणतो, सातांच्या सत्तर वेळा. मग तो एक दाखला सांगतो: राजाने ज्याचं प्रचंड कर्ज माफ केलं, तोच नोकर आपल्या सोबतीच्या नोकराला थोड्या कर्जासाठी सोडत नाही. काही वर्षांपूर्वी त्या सकाळी हे वाचन मी माझ्या धाकट्या भावाला मोबाईलवर पाठवलं. सामाईक विहिरीवरच्या पंपाच्या बिलावरून आमचं बोलणं बंद होतं. वाटलं, आता तरी याच्या डोक्यात प्रकाश पडेल. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. संध्याकाळी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, तेच वाचन पुन्हा ऐकलं आणि माझा मीच चपापलो. पेत्राने ‘मी किती वेळा क्षमा करू’ असं विचारलं होतं. मी मात्र भावाने कसं वागावं ते त्याला कळवलं होतं.

माझ्या मते हीच सगळ्यांत मोठी चूक: वाचन दुसऱ्यासाठी वाचणं. परुश्यांची, म्हणजे धार्मिकतेचा तोरा मिरवणाऱ्यांची, गोष्ट आली की शेजारी आठवतो, उधळ्या पुत्राची आली की पुतण्या. उपाय एकच. वाचून झालं की पहिलं नाव स्वतःचं घ्या. निदान त्या दिवशी तरी ते वाचन कुणाला पाठवू नका.

त्या दाखल्यातले आकडेही नीट पाहा, घाईत ते निसटतात. तालंत आणि दीनार ही तेव्हाची चलनं. राजाचं येणं दहा हजार तालंत, सोबतीच्या नोकराचं देणं शंभर दीनार. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि एका तालंतात साधारण सहा हजार दीनार. म्हणजे एकाला माफ झालं ते सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं कर्ज. पण शंभर दिवसांची मजुरी हीसुद्धा काही चिल्लर नव्हे. भावाने दिलेला त्रास प्रभू खोटा ठरवत नाही, तो खरा धरूनच क्षमा करायला सांगतो. हे समजल्यावर मला भावाकडे जाणं जमलं. दुसऱ्या दिवशी माझ्या वाट्याचे पैसे घेऊन त्याच्या ओटीवर गेलो. भावजयीने चहा टाकला. भाऊ फारसं बोलला नाही, पण कप रिकामा होईपर्यंत उठला नाही.

दुसरी चूक, वाचनाआधीच त्यावरचं चिंतन ऐकणं. फादरांचं प्रवचन, यूट्यूबवरचं मनन, सगळं चांगलंच आहे. पण आधी मूळ ओळी दोनदा वाचा, एकदा तरी मोठ्याने. कुठल्या शब्दाशी आपण अडखळलो तिथे थांबा. जुन्या मठवासीयांनी वाचन, मनन, प्रार्थना आणि मग शांत बसणं असा क्रम लावला, त्यात वाचनच पहिलं आहे.

वाचन कुठलं, याचाही घोळ होतो. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ती ओळ आजची समजायची, हे नको. ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने, क्रम लावून दिलेला आहे. रविवारची वाचनं अ, ब, क अशी तीन वर्षांनी फिरतात. सनाला तीनने भाग गेला की क वर्ष, म्हणून 2025 क आणि 2026 अ. ख्रिस्तसभेचं वर्ष नाताळाआधीच्या आगमनकाळापासून सुरू होतं, जानेवारीपासून नाही. सामान्य काळात, म्हणजे नाताळ, उपवासकाळ, ईस्टर असे खास काळ सोडून उरलेल्या दिवसांत, आठवड्याच्या दिवसांचं पहिलं वाचन विषम आणि सम सनांप्रमाणे बदलतं, शुभवर्तमान मात्र दरवर्षी तेच असतं. आधी मार्क, मग मत्तय, मग लूक. गेल्या वर्षीच्या वहीतली नोंद त्यामुळे यंदाही कामी येते.

आता एका चुकीबद्दल मला जरा कळकळीने सांगायचं आहे, कारण तिच्यामुळे माणसं भरडली जातात. ‘दुसरा गाल पुढे कर’ हे येशूचं वाक्य घरात मार खाणाऱ्या बाईला ऐकवलं जातं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात महायाजकापुढे उभ्या असलेल्या येशूला शिपाई चपराक मारतो, तेव्हा तो मुकाट राहत नाही. मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं तो सरळ विचारतो. हे दोन्ही उतारे एकत्र वाचा. सूड न घेणं वेगळं, छळ सोसत राहणं वेगळं. अशा बाईला आधी सुरक्षित जागी न्या, क्षमेचं नंतर पाहू. पाप करायला लावणारा डोळा उपटून टाक, हे येशूचं वचनही असंच. ते पापाचं गांभीर्य ठसवतं, शरीराला इजा करायला सांगत नाही.

संकल्प मोठा करू नका. ‘आजपासून सर्वांवर प्रेम करीन’ हे दुपारपर्यंत टिकत नाही. ‘आज जेवणाआधी आईच्या शेजारी दहा मिनिटं बसेन’ हे टिकतं. एक माणूस, एक कृती, आजच. 2014 साली एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमधल्या संत पेत्राच्या चौकात खिशात मावणारी शुभवर्तमानं फुकट वाटली आणि बदल्यात एखादं प्रेमाचं काम करा, असं लोकांना सांगितलं. रात्री दिवा मालवण्याआधी ते काम झालं का, एवढंच स्वतःला विचारा.

आणि चार दिवस वाचन राहिलं, तर चारही दिवसांचं एकदम उरकायला बसू नका. आजचं पान काढा.